गच्चीवरच्या पत्र्याची पन्हळ तुंबते आणि पाणी जिन्यातून घरात उतरतं, नेमकं काय बदलावं?

कोथरूडकर_२५

कोथरूडमध्ये एकमजली बंगला. गच्चीवर पत्र्याचं छप्पर ४० फूट लांब, २५ फूट रुंद, उतार एकाच बाजूला, मागच्या कठड्याकडे. पत्रा संपतो तिथे कठड्याला लागून आतल्या बाजूने जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची) चौकोनी पन्हळ आहे: ६ इंच रुंद, ६ इंच खोल, पूर्ण ४० फूट. सगळं पाणी एका टोकाच्या ३ इंची पीव्हीसी पाईपमधून खाली जातं. पाईपच्या तोंडावर मच्छरदाणीसारखी बारीक सपाट जाळी, वाटेत दोन काटकोनी बेंड, आणि शेवट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. शेजारच्या गुलमोहराची मोठी फांदी पन्हळीवर येते. कबुतरांचा त्रास आहेच.

सर आली की पाचेक मिनिटांत पन्हळ भरून आतल्या कडेवरून गच्चीत सांडते. गच्चीचं स्वतःचं एकच ३ इंची तोंड आहे, तेही पिसांनी झाकलं जातं. जिन्याच्या दाराचा उंबरठा जेमतेम दोन इंच उंच, त्यामुळे पुढचं पाणी थेट जिन्यात. पन्हळ मे महिन्यात पूर्ण साफ केली होती, तरी हे होतंय.

साफसफाई किती वेळा करावी? जाळी कुठली? पन्हळीवर पूर्ण लांबीचं जाळीचं झाकण मिळतं, ते घ्यावं का? की मुळात पाईपच बदलावा?

उतार_आणि_पातळी

पाईपपासून सुरुवात करा, कारण तुमची पन्हळ लख्ख असली तरी हा पाईप पुरणार नाही.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. पुण्याचा पाऊस वर्षाच्या आकड्यात फार दिसत नाही, पण वळवाच्या आणि परतीच्या सरी थोड्या वेळात खूप ओततात. म्हणून पाईप तासाला १०० मिमी या वेगाच्या सरीसाठी धरावा. सर वीसच मिनिटं टिकली तरी त्या वीस मिनिटांत वेग तोच असतो. त्या वेगाला तुमच्या पत्र्यावरून मिनिटाला साधारण १५५ लिटर पाणी येतं. आणि तुमची पन्हळ काठोकाठ भरली तरी तिच्यात मावतं २८० लिटर. पाईप पूर्ण बंद असेल तर दोन मिनिटांत कडेवरून सांडणार. पाच मिनिटं लागतात, म्हणजे थोडंफार पाणी जातंय तरी.

आपल्याकडे पाईप ठरवायला जे कोष्टक वापरतात, त्यात १०० मिमीच्या पावसाला ३ इंची उभा पाईप जेमतेम २० चौरस मीटर छप्पर सांभाळतो आणि ४ इंची ४२ ते ४३ चौरस मीटर. म्हणजे तुमचा ३ इंची पाईप छपराच्या पाव भागालाच पुरेसा आहे. कोष्टक हात राखून केलेलं असतं हे खरं, पण चौपट फरक त्यात बसत नाही. ४ इंची तीन पाईप उत्तम. जागा नसेल तर दोन्ही टोकांना एकेक ४ इंची, आणि त्याच्या जोडीला जादा पाण्याची वाट, जिच्याबद्दल खाली लिहितो. तिच्याशिवाय दोन पाईपवर थांबू नका.

दुसरी चूक उताराची. पन्हळीला दर १० फुटांना १ इंच उतार हवा. ४० फूट एकाच टोकाकडे न्यायची तर ४ इंच उतरावं लागतं, आणि तेवढा उतार ६ इंची पन्हळीत बसवला तर वरच्या टोकाला खोली उरते २ इंच. म्हणूनच फॅब्रिकेटर उतार देतच नाहीत, पन्हळ सपाट बसवतात, आणि गाळ साठत राहतो. मध्यभागी उंचवटा ठेवून दोन्हीकडे २० फुटांत २-२ इंच उतरवा. उतार डोळ्यांनी किंवा स्पिरिट लेव्हलने तपासू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या आणि दर ५ फुटांवर खूण करा. क्लँप दर अडीच फुटांवर. त्याहून लांब ठेवले की ओल्या गाळाच्या वजनाने मधे झोळ पडतो आणि पाणी तिथेच तुंबतं.

तिसरं, पाईपचं तोंड पन्हळीच्या सपाट तळाला थेट नको. टोकाला १ फूट × १ फूट × ८ इंच खोल असा पत्र्याचा डबा जोडा आणि पाईप त्या डब्याच्या तळाला घ्या. तोंडावर पाण्याची उंची जितकी जास्त, तितकं पाईपमध्ये जास्त पाणी ओढलं जातं. सपाट तळावर २ इंच पाणी असताना ४ इंची पाईप अर्धा रिकामाच वाहतो.

आता जादा पाण्याची वाट. कितीही साफ ठेवा, एखाद्या रात्री फांदी पडेल, कबुतर मरून तोंडावर पडेल. त्या रात्री पाणी कुठून सांडायचं, हे आत्ताच ठरवून ठेवायला हवं. पन्हळ कठड्याच्या बाहेर टांगलेली असती तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा एक इंच खाली ठेवून भागलं असतं. तुमची पन्हळ कठड्याच्या आत आहे, म्हणून कठड्यातूनच आरपार खाच काढावी लागेल: ६ इंच रुंद, २ इंच उंच, दोन्ही टोकांजवळ एकेक. खाचेचा तळ पन्हळीच्या आतल्या कडेपेक्षा बरोबर २ इंच खाली. टोकांजवळच का? पन्हळ तिरपी बसली की आतली कडही टोकांकडे उतरते, आणि पाणी सर्वांत आधी तिथेच सांडतं. अशा एका खाचेतून, पाणी २ इंच चढलं की, मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास जातं. म्हणजे दोन्ही पाईप बंद पडले तरी या दोन खाचा छपराचं सगळं पाणी बाहेर टाकू शकतात.

खाचेत पत्र्याची नळी बसवा, बाहेर ६ इंच काढा, तिला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळून खालच्या खिडकीत येईल. शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाही हे पाहून घ्या. या नळीतून पाणी पडताना दिसलं की समजायचं, खाली पाईप तुंबलाय. इतकी स्वस्त धोक्याची घंटा दुसरी नाही.

पागोळी

वरच्या उत्तरात आलेल्या जादा पाण्याच्या वाटेला माझा पूर्ण पाठिंबा. मी जाळी आणि सफाईबद्दल लिहिते.

गुलमोहर पन्हळ कशी तुंबवतो ते एकदा वर जाऊन नीट बघा ताई/दादा. त्याचं एक पान म्हणजे फूट-दीड फूट लांब दांडी आणि तिच्यावर शेकडो पर्णिका, प्रत्येक जेमतेम एक सेंटिमीटर. झडताना पर्णिका सुट्या होतात, दांड्या वेगळ्या पडतात. आधी चार-पाच दांड्या पाईपच्या तोंडावर आडव्या बसतात. त्यांवर कबुतराची पिसं अडकतात, पिसांत पर्णिका, वर मे-जूनच्या पाकळ्या, आणि मग पत्र्यावरून धुऊन आलेली वर्षभराची धूळ आणि विष्ठा. तासाभरात ओल्या घोंगडीसारखा थर तयार होतो. हाताने उचललात तर अख्खा एका तुकड्यात उचलला जातो. त्यातून पाणी थेंबथेंबच जातं.

म्हणून मच्छरदाणीची सपाट जाळी आजच काढा. पर्णिका तिला चिकटून बसतात आणि पहिल्या सरीतच तोंड बंद. पूर्ण लांबीच्या झाकणाला माझं स्पष्ट नाही. चिंच, गुलमोहर, सोनमोहर अशा बारीक पानांच्या झाडाखाली ते झाकण वरून माखतं, पाणी त्याच्यावरून घसरून पलीकडे जातं, आणि खालचा गाळ काढायला प्रत्येक वेळी सगळे स्क्रू सोडावे लागतात. आंबा-फणसासारख्या मोठ्या पानांखाली त्याचा काही उपयोग आहे, इथे नाही.

तुम्हाला हवी उभी टोपलीवजा जाळी. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्ड मेश घ्या, स्टेनलेसची मिळाली तर उत्तम. ८ इंच × ८ इंच तळाची, ६ इंच उंच, पाचही बाजू जाळीच्या, तळ उघडा. ती वर सांगितलेल्या डब्यात पाईपच्या तोंडावर उपडी ठेवा, चार कोपऱ्यांना तार लावून बांधा म्हणजे तरंगणार नाही. ४ इंची तोंडाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच, या टोपलीचं अडीचशेच्या पुढे. खालचे चार इंच पाल्याने वेढले गेले तरी वरचा भाग उघडा राहतो. सुट्या पर्णिका अर्ध्या इंचातून निघून जाऊ द्या; ४ इंची सरळ पाईप त्या सहज वाहून नेतो. अडवायच्या त्या दांड्या, शेंगा, काटक्या आणि पिसांचे पुंजके.

सफाईचं वेळापत्रक: मेच्या मध्यावर पहिली, म्हणजे वळवाच्या आधी. वळीव वाऱ्यासकट येतो आणि एका संध्याकाळी निम्मं झाड पन्हळीत टाकतो, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुमची मेमधली सफाई इथेच वाया गेली असणार. जून-जुलैत दर पंधरा दिवसांनी जाळी आणि डबा, त्याला दहा मिनिटं लागतात. आणि सप्टेंबरच्या मध्यावर एक पूर्ण सफाई अजिबात चुकवू नका. पावसाळा संपला असं वाटतं तेव्हाच परतीचा पाऊस येतो. २०१९ साली पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तो २५ सप्टेंबरच्या रात्री.

साफ करताना आधी पाईपच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा घाला, त्याला बाहेर लांब दोरी बांधलेली ठेवा. मग तोंडापासून सुरू करून वरच्या टोकाकडे जा, गाळ कोरडाच भरून बादलीत काढा. उलटं केलंत, आधी नळीने पाणी मारलंत, तर सगळा गाळ बेंडमध्ये जाऊन बसतो. पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते, जाड हातमोजे घाला. पिंपळाची चार पानांची रोपं सांध्यात दिसली तर तेव्हाच मुळासकट उपटा. वर्षभराने ती सांधा उकलतात. पाणी साचलेला खळगा राहिला असेल तर तोही भरून घ्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि पन्हळीतलं डबकं कोणाला दिसत नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नका. तुमचा पत्रा लोखंडी असला तरी फळी टाकून, आधाराच्या पाइपावर वजन येईल असंच चढा. शिडी भिंतीपासून इतकी लांब, की चार फूट उंचीला एक फूट. महावितरणची वायर जवळून जात असेल तर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची शिडी वापरू नका.

चेंबरपर्यंत

वरचं सगळं केलंत आणि खालचं टोक तसंच ठेवलंत तर पुन्हा तेच.

पावसाचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडायचा नसतो. मैलापाण्याची लाईन पावसासाठी आखलेलीच नसते. मोठ्या पावसात ती तुडुंब भरते, चेंबरमधली पातळी वर येते, तुमच्या पाईपचं खालचं तोंड पाण्याखाली जातं आणि वरून येणारं पाणी अडतं. शिवाय चेंबर भरला की तळमजल्याच्या मोरीतून घाण पाणी उलटं येतं. पाईप पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या. खालचं टोक जमिनीपासून ६ इंच वर उघडं सोडून जाळीच्या चेंबरमध्ये पडू दिलं तर अजून चांगलं: वाहतोय की नाही ते रस्त्यावरून दिसतं.

दोन काटकोनी बेंड काढा. पाईप वळवावाच लागला तर ४५ अंशांचे दोन बेंड, मधे फूटभर सरळ तुकडा. जमिनीजवळच्या शेवटच्या वळणाला डोअर बेंड लावा, म्हणजे ज्याला झाकण असतं तो. तुंबलेला पाईप वरून बांबू घालून मोकळा करू नका. बांबू बोळा पुढे ढकलतो आणि बेंडमध्ये ठासून बसवतो, बरेचदा सांधाही उखडतो. खालचं झाकण उघडा आणि खालून प्लंबरची लांब तारेची स्प्रिंग फिरवत वर जा, बोळा सैल होऊन आपल्या वजनानेच खाली येतो. उभं राहायचं बाजूला, झाकणासमोर नाही. अॅसिड ओतू नका. पाल्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, जीआय मात्र खातं.

पर्जन्य संधारणासाठी पाणी बोअरला सोडलं असेल, किंवा पुढे सोडणार असाल, तर एक गोष्ट फार जण विसरतात. फिल्टर चोंदला की तोच पाईपचा बूच होतो आणि पाणी गच्चीवर चढतं. फिल्टरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बायपास हवाच, आणि त्याचा व्हॉल्व्ह हाताला सहज लागेल असा. पहिल्या एक-दोन सरी बायपासने सोडून द्यायच्या, नंतर फिल्टर चालू. वाळूचा फिल्टर असेल तर वरची दोन इंच वाळू दरवर्षी धुवावी लागते.

सोसायट्यांत राहणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बाल्कनीच्या नहाणी (फरशीतली पाणी जायची तोंडं) गच्चीच्याच डाउनटेकला, म्हणजे खाली येणाऱ्या उभ्या पाईपला, जोडलेल्या असतील आणि तो खाली तुंबला, तर पाणी गच्चीवर साचत नाही, ते पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून उसळतं. वरच्या मजल्याला काहीच कळत नाही.

कोथरूडकर_२५

सर्वांचे मनापासून आभार. पाईप दोन करतोय, दोन्ही ४ इंची, आणि खाचाही. तीन शंका. पन्हळीचे जुने सांधे गळतात, सिलिकॉन भरू का? कठड्यात ६ इंची खाच काढताना काय सांभाळू? आणि गुलमोहराची फांदी आपण छाटू शकतो का?

उतार_आणि_पातळी

सांधा: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो जीआयवर नको, तो जस्ताचा थर खातो. न्यूट्रल सिलिकॉन (आंबट वास नसलेलं) किंवा ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घ्या. सांधा उघडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, पूर्ण कोरडा होऊ द्या. पत्र्यावर पत्रा किमान ४ इंच चढलेला हवा, आणि चढणारा तुकडा उताराच्या वरच्या बाजूचा, म्हणजे पाणी सांध्यावरून पुढे वाहील, सांध्यात शिरणार नाही. थर दोन पत्र्यांच्या मधे भरा आणि मग रिव्हेट मारा. वरून नुसती रेघ ओढलेलं सिलिकॉन पुढच्या उन्हाळ्यात सुटतं. पन्हळच बदलायची ठरली आणि पीव्हीसीची घेतलीत, तर प्रत्येक ६ मीटर तुकड्यामागे १२ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. उन्हात ती तेवढी वाढते.

पत्रा पन्हळीत किती आत येतो तेही बघा. दोन ते अडीच इंच हवा. कमी असेल तर पाणी पत्र्याच्या खालून उलटं भिंतीकडे जातं. जास्त असेल तर हात घालून गाळ काढता येत नाही.

खाच: कठड्यात आरसीसीचे उभे खांब असतात, त्यांच्यापासून निदान फूटभर दूर. हातोडी-छिन्नीने ठोकू नका, ग्राइंडरने चारही बाजू कापून मगच वीट काढा, नाहीतर कठडा हलतो आणि वर्षभराने तडा दिसतो. नळीच्या भोवती पॉलिमर घातलेलं सिमेंट भरा, आणि नळीची आतली कॉलर पन्हळीच्या पाठीला रिव्हेट करून मधे ब्युटाइल टेप. वरून गोल भोक पाडून ४ इंची पाईप घालू का असं प्लंबर विचारेल. नाही म्हणा. वर सांगितलेली २ इंच जागा गोल पाईपला पुरत नाही, तळाशी जेमतेम चिरीतून पाणी जाईल.

पागोळी

फांदी परस्पर छाटू नका. झाड शेजारच्या प्लॉटमध्ये आहे, शिवाय महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि छाटणीलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्याच नावाने अर्ज करा, पन्हळीवर आलेल्या फांदीचा फोटो जोडा. जानेवारी-फेब्रुवारीत केलात तर मेपूर्वी काम होण्याला वेळ राहतो.

गच्चीचं ते एकच तोंडही विसरू नका. तिथेही अर्ध्या इंची जाळीची घुमटी बसवा, आणि कठड्यात गच्चीच्या पातळीपासून एक इंच वर एक जादा मोरी काढा. जिन्याचा उंबरठा २ इंच आहे, तो ६ करा. खाली वॉटरप्रूफिंगचा थर वर वळवून उंबरठ्यात घेतलेला असावा. पाणी गच्चीवर एक इंच साचलं तर हजार चौरस फुटांत ते सव्वादोन टनांच्या वर जातं, स्लॅबला तो भारही नको आणि जिन्याला ती धारही नको.

चेंबरपर्यंत

काम झालं की कोरड्या दिवशी चाचणी घ्या, पावसाची वाट बघू नका. दोन्ही पाईपची तोंडं फडक्याने बंद करा, टाकीच्या नळीने पन्हळ भरा, आणि पाणी आतल्या कडेला पोचण्याआधी खाचांतून बाहेर पडतं का ते बघा. आतल्या कडेवर आधी खडूची रेघ मारून ठेवा, म्हणजे पाणी किती चढलं ते नेमकं कळेल. रेघ ओली झाली तर खाचेचा तळ आणखी अर्धा इंच खाली घ्या. मग एक तोंड उघडा, पन्हळ किती वेळात रिकामी होते ते मोजा, आणि तो वेळ डब्याच्या बाहेर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या सप्टेंबरमध्ये हीच मोजणी करा. तेवढ्याच पाण्याला दीडपट वेळ लागला तर पाईपमध्ये काहीतरी अडकायला लागलंय, खालचं झाकण उघडा.